कोणत्याही यंत्राने येऊ नये

नोकरीच्या अनुभवांच्या या विभागात ज्यांचं लिहिलेलं मी दरवर्षी वाचतो, त्यांनी तीस-तीस वर्षं नोकरी केलेली असते. कुणी एसटी चालवलेली असते, कुणी खेड्यापाड्यांत टपाल वाटलेलं असतं. माझ्या नोकरीला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत आणि तीही अर्धवेळ. उरलेला वेळ मी हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अनुभव सांगावा एवढं माझं वय नाही आणि कामही नाही. या अंकाचं काम बघणाऱ्या मराठीच्या सरांनी मला लिहायला सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "कामात चुकलास का कधी?" मी हो म्हणालो. "मग तेवढंच लिही," ते म्हणाले. म्हणून लिहितो आहे. आगाऊपणा वाटला तर मोठ्यांनी समजून घ्यावं.

आधी काम सांगतो. पुसेगावला माझ्या घरी ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही, म्हणून इथं जरा सावकाश सांगतो.

मी ज्या छोट्या कंपनीचं काम करतो ती मराठी वेबसाइट शोधून देते. तुम्ही 'हळदीवरचा करपा' असं टाकलं, की त्या विषयावर मराठीत कुठं कुठं लिहिलेलं आहे ते समोर येतं. हे समोर यायचं तर कुणीतरी आधी ती सगळी पानं वाचून ठेवायला हवीत. ते काम एक प्रोग्राम करतो. त्याला क्रॉलर म्हणतात. तो एका पानावर जातो, ते वाचतो, त्यावरच्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जातो, आणि असाच दिवसरात्र फिरत राहतो.

पण कुठंही घुसायची त्याला मुभा नसते. वेबसाइटच्या दाराशी एक साधी मजकुराची फाईल ठेवता येते. रोबोट्स असं तिचं नाव. आमच्यासारख्या फिरत्या प्रोग्रामांनी कुठं यावं आणि कुठं येऊ नये, हे मालक तिच्यात लिहून ठेवतो. क्रॉलरने आत जाण्याआधी ती वाचायची. ती वाचून 'जायचं' किंवा 'नाही जायचं' हे ठरवणारा प्रोग्रामचा जो तुकडा आहे, तो माझ्याकडे आहे. दारावरची पाटी वाचणं, एवढीच माझी नोकरी.

आमच्याकडे शेतातली पायवाट बंद करायची असली, की वाटेवर बाभळीची एक फांदी आडवी टाकतात. पलीकडे नुकतं पेरलेलं असतं, नाहीतर शिजवलेली हळद वाळत घातलेली असते. फांदी ओलांडायला काही लागत नाही, शाळेतलं पोरगंही उडी मारून जाईल. पण फांदी दिसली की माणूस वळसा घालून जातो. ही फाईल तशीच आहे. ती कुलूप नाही. न वाचता आत गेलं तर कुणी हात धरत नाही. ती पाळायची असते, म्हणून पाळायची.

ती लिहायची पद्धत ठरलेली आहे. आधीच्या ओळीत सूचना कुणासाठी आहे ते, आणि खालच्या ओळींत कुठं येऊ नये, कुठं आलं तर चालेल ते. शब्द इंग्रजी आणि ठरलेलेच. दोन ओळी एकमेकींच्या उलट असल्या तर जी जास्त नेमकी असेल तिचं ऐकायचं. म्हणजे 'घरात येऊ नका' आणि 'घरातल्या ओसरीवर बसा' असं दोन्ही लिहिलेलं असलं, तर ओसरीवर बसायचं. मी पहिल्यांदा प्रोग्राम लिहिला तेव्हा वरून पहिली जी ओळ लागेल तिथंच थांबत होतो. त्यामुळे एका वाचनालयाने मुद्दाम उघडी ठेवलेली नव्या पुस्तकांची यादी आम्ही महिनाभर बघितलीच नाही. ओसरीवर पाणी ठेवलेलं होतं आणि आम्ही फाटकातूनच परत येत होतो. ती माझी पहिली चूक. तिच्यानं कुणाचं बिघडलं नाही.

विचित्र माणसंही भेटली. सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला, की आमची शाळा तुमच्यात दिसत काहून नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, कोण्या पुढाऱ्यानं काढायला लावली का? मी फाईल बघितली. 'येऊ नये' या ओळीपुढं एकच तिरकी रेघ होती. तिचा अर्थ सगळी साइट बंद. बनवणाऱ्यानं काम चालू असताना ती टाकली होती आणि काम संपल्यावर काढायला विसरला होता. हेडमास्तरांना पटेना. म्हणाले, "एका रेघेनं अख्खी शाळा गायब?" मी म्हणालो, व्हय सर. आणि ती रेघ पुसून पुढची जागा कोरी ठेवली, तर तीच ओळ सगळं उघडं आहे असं सांगते. नंतर त्यांनी हे सगळं शिक्क्यासहित कागदावर मागितलं, संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवायला. शिक्का आमच्याकडे नव्हता. कागद पाठवला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

प्रोग्रामला एखादी ओळ कळली नाही, तर तिचं काय करायचं याचाही नियम आहे. ती सोडून द्यायची. जगभर असंच करतात आणि ते बरोबरही आहे, कारण लोक त्या फाईलमध्ये काहीबाही लिहितात. सोडलेल्या ओळींची एक यादी दर सोमवारी माझ्याकडे येते. ती नजरेखालून घालायची, आपल्या प्रोग्रामचं काही चुकलं नाही ना बघायचं आणि खूण करून बंद करायची. दुसऱ्या वर्षाला असताना एका सोमवारी त्या यादीत या ओळी आल्या:

'रक्तदात्यांच्या यादीकडे कोणत्याही यंत्राने येऊ नये. हे नंबर गरजू माणसांसाठी आहेत. बाकीची पाने खुशाल बघावीत. तकलीफ दिल्याबद्दल माफी.'

मला गंमत वाटली. यंत्राला मराठीतून विनंती, वर माफीसुद्धा. मी पडद्याचा फोटो काढून वर्गातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसरे चेहरे आले. एकानं लिहिलं, पाय धुऊन आत ये म्हणायचं राहिलं का? मग मी त्या ओळींपुढं 'नियम नाही' अशी खूण केली आणि पुढच्या ओळीकडे गेलो. फाईलमध्ये प्रोग्रामला कळेल असा एकही नियम नव्हता, म्हणजे सगळी साइट उघडी. आमचा क्रॉलर आत गेला. त्यानं रक्तदात्यांची यादी वाचली आणि नावं, गावं, फोन नंबर आमच्या शोधात दिसायला लागले.

चारेक महिन्यांनी मेल आला. क्रॉलर जिथं जातो तिथं आपलं नाव आणि संपर्काचा पत्ता सांगतो, आणि त्या पत्त्यावरची पत्रं माझ्याकडे येतात. लिहिणारे आखाडा बाळापूरचे करीमचाचा होते. दवाखान्यात रक्त तपासायचं काम करून निवृत्त झालेले. नोकरीत असल्यापासून त्यांनी एका वहीत लोकांचे रक्तगट लिहून ठेवले होते. कुणाला रक्त लागलं की वही काढायची आणि फोन लावायचा. त्यांची भाची शबाना हिनं त्या वहीची वेबसाइट करून दिली होती. आता यादीतल्या लोकांना नको ते फोन येत होते. कर्ज घ्या म्हणणारे होतेच, पण बायकांना भलतंच बोलणारेही होते. शबानानं शोध घेतला तेव्हा नंबर आमच्याकडे सापडले. चाचांनी शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या दारावर सूचना होती, तरी तुमचं यंत्र आत आलं. तुमची कंपनी मराठीची आहे असं वाचलं. मग मराठी वाचता येणारं तुमच्यात कोणीच नाही का?'

मी उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर ही माझी त्यातली दुसरी चूक. तुमची सूचना ठरलेल्या पद्धतीत नाही, त्यामुळे आमच्या प्रणालीने ती ग्राह्य धरली नाही, सोबत योग्य नमुना जोडला आहे. एवढं लिहून पाठवलं. ग्राह्य हा शब्द मी त्याआधी कधी वापरला नव्हता. तासाभरात त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ. 'बराबर आहे. चूक माझीच.'

ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी गावी होतो. माय अंगणात तूर पाखडत होती. तिनं विचारलं, "काहून गप बसून राहिला रे?" मी तिला सगळं सांगितलं. क्रॉलर, फाईल, नियम, जेवढं सांगता आलं तेवढं. यंत्राला ती ओळ वाचताच येत नव्हती, असंही सांगितलं.

"तुला वाचता आली व्हती का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मंग यंत्राचं काय सांगून राहिला मला?" तिनं सूप खाली ठेवलं. "वाटेत फांदी दिसली की माणूस मागं फिरतं. बाभळीची न्हाई, बोरीची हाय, म्हणून कोणी पुढं जातं का?"

तिनं सूप परत उचललं.

मी शिंदे मॅडमना फोन लावला. मॅडम आमच्या कामाच्या प्रमुख आहेत. त्या नीट ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. मी ग्रुपवर फोटो टाकला होता तेही सांगितलं. तासाभरात त्यांनी चाचांची पानं आमच्या शोधातून काढून टाकली. पुढं मी म्हणालो, अशा साध्या भाषेत लिहिलेल्या सूचनाही आपण पाळायला पाहिजेत. त्या म्हणाल्या, हे नियमात कुठंच बसत नाही. उद्या कुणी त्या फाईलमध्ये कविता लिहिली तर काय करशील?

"वाचीन, मॅडम."

"आणि बाकी इतक्या साइटचं कोण वाचणार?"

"मीच."

त्या बरं म्हणाल्या. तेव्हापासून न कळलेली ओळ सापडली आणि ती माणसानं लिहिल्यासारखी वाटली, की प्रोग्राम दारातच थांबतो. सोमवारी मी वाचतो आणि मग ठरतं. त्यात खरंच एक कविता निघाली, पावसावरची. बरी होती.

पण चाचांकडे झालेलं त्यानं भरून निघत नव्हतं. एका शनिवारी मी कळमनुरीवरून बाळापूरला गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर करून मला नीट बघितलं आणि म्हणाले, "तू तर लेकरू आहेस. मेल वाचून मला वाटलं, कोणी सायब असंल." आत आवाज देऊन त्यांनी चहा सांगितला.

मी माफी मागितली. फोटोची गोष्ट सांगितली नसती तर त्यांना कळली नसती, पण सांगितली. ते म्हणाले, "हसायसारखंच होतं ते. शबाना सांगत होती, मामू, असं नसतं लिहायचं. मी म्हणलं, लिही, वाचणारा शेवटी माणूसच असंल ना." मग त्यांनी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कापडात शिवलेली. काही नावांवर ताजी आडवी रेघ होती. ती बहुतेक बायकांची नावं होती.

एका पानावर चारच नावं होती. सगळी बी निगेटिव्ह. हा गट फार थोड्या लोकांचा असतो. डोंगरकड्याजवळच्या एका गावात सोनी नावाची आठवीतली मुलगी आहे. तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर महिन्याला नांदेडला नेऊन तिला रक्त द्यावं लागतं. रक्तपेढीत या गटाची पिशवी असेलच असं नाही. चाचांनी चौघांची पाळी लावली होती. बाईला एकदा रक्त दिल्यावर चार महिने थांबावं लागतं, म्हणून चौघं आणि एकेकाला एक महिना. तीन पुरुष आणि चौथ्या मीराताई, डोंगरकड्याला शिवणकाम करणाऱ्या. मीराताईंच्या नावावर रेघ होती.

"तिला लई तकलीफ झाली," चाचा म्हणाले. "घरात भांडणं झाली फोनावरून. तिच्या मालकानं येऊन सांगितलं, नाव काढा. नंबर बी बदलला. बाजेचा एक पाय गेला बेटा. तीन पायांवर बाज उभी ऱ्हात न्हाई."

ते फोन आमच्यामुळेच आले असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. ती साइट कुणालाही उघडता येत होती. मी चाचांना तेही सांगितलं, की ही फाईल म्हणजे कुलूप नव्हे, ती न पाळणारे प्रोग्रामही फिरतात, आणि असे नंबर उघड्यावर ठेवूच नयेत. ते म्हणाले, "म्हणून तर लिहिलं, चूक माझी. टोमणा नव्हता तो." त्याच दुपारी शबाना आणि मी बसून साइट बदलली. आता तिच्यावर फक्त गट आणि गाव दिसतं, आणि फोन एकच, चाचांचा. रोबोट्स फाईलही ठरलेल्या पद्धतीनं लिहिली. चाचांनी आग्रह केला म्हणून त्यांच्या मराठी ओळी वर तशाच ठेवल्या. प्रोग्राम त्या सोडून देईल, मी म्हणालो. "सोडू दे, तू वाचशील ना," ते म्हणाले.

निघताना मी मीराताईंचा पत्ता मागितला. म्हटलं, डोंगरकडा इथून दूर नाही, मी स्वतः जाऊन माफी मागतो. चाचांनी वही मिटली.

"तिनं न्हाई म्हणलंय. आता तिच्या दाराशी तू बी जायचं न्हाई आणि मी बी."

मला कळायला एक क्षण लागला. सगळं होऊन गेल्यावरसुद्धा मी तेच करायला निघालो होतो.

मग म्हणाले, चिठ्ठी लिहून ठेव. कधी ती आपणहून आली तर देईन. मी तिथंच बसून अर्धं पान लिहिलं. मी कोण, मी काय वाचलं होतं आणि वाचूनही काय केलं. परत या असं लिहिलं नाही. लिहावंसं फार वाटत होतं.

मी रक्तगटही तपासून घेतला. माझा बी पॉझिटिव्ह निघाला. चाचांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अर्धा पास झालास." वहीत दुसऱ्या पानावर त्यांनी माझं नाव लिहिलं.

पुढं मीराताईंच्या पाळीचा महिना आला. चाचांनी जुन्या ओळखी काढून परभणीहून एकाला आणलं. चार महिन्यांनी मीराताईंचीच पुढची पाळी आली, तेव्हा कुणी मिळालं नाही. पिशवी मिळेपर्यंत सोनीला नऊ दिवस थांबावं लागलं. ती शाळेत पायऱ्या चढताना खाली बसायची, असं चाचांनी सांगितलं. त्यांनी ते मला लावून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. त्या नऊ दिवसांत मी वर्गात बसत होतो, प्रॅक्टिकल करत होतो, पण चाचांचा फोन येईल म्हणून हातातला मोबाइल खाली ठेवत नव्हतो.

काम मी तेच करतो आहे. एवढ्या काळात माझा प्रोग्राम बराच सुधारला. फाईलमध्ये चुकीची अक्षरं असली, ओळी तुटलेल्या असल्या, फाईल अवाढव्य असली, तरी तो अडत नाही. मित्रांनी त्याच्या चाचण्या बघितल्या की मला अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू. पण सोमवारची यादी मी आता घाईत बघत नाही. एकीनं लिहिलं होतं, आजीचे फोटो आहेत, फक्त घरच्यांसाठी. एका मंडळानं लिहिलं होतं, वर्गणीचा वाद मिटेपर्यंत कोणीही बघू नये. दोन्ही दारांतून आम्ही मागं फिरलो.

हा मजकूर इथंच संपवून मी सरांना देणार होतो. शेवट नीट होत नव्हता, म्हणून दोन दिवस बॅगेत घेऊन हिंडत होतो. काल दुपारी प्रॅक्टिकलच्या मधल्या सुट्टीत चाचांचा फोन आला. या महिन्याची पाळी मीराताईंची होती, हे मला पाठ होतं. त्यामुळे नाव बघून मी लगेच बाहेर आलो आणि फोन उचलला.

चाचा म्हणाले, "मीरा आल्ती परवा. मालकाला घेऊन. सोनीच्या मायनं शिवायला कपडे टाकले व्हते तिच्याकडं, तिथं कळलं म्हणं नऊ दिवसांचं. काल नांदेडला जाऊन रक्त देऊन आली."

मी विचारलं, चिठ्ठी दिली का? दिली, ते म्हणाले. वाचली का? "माझ्यापुढं न्हाई वाचली. पर्समधी ठेवली." मग त्यांनी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नाव वहीत लिहा म्हणली, शाईनं. कॉम्प्युटरवर कुठंच नको. मी रेघेखाली नव्यानं लिहिलं."